चराई, नियंत्रित

गवताळ प्रदेशातील पक्ष्यांना योग्य उंचीचे गवत मिळावे, म्हणून गुरांची संख्या, जागा व काळ ठरवून केलेली चराई.

उगम : उत्तर अमेरिकेतील गवताची रचना पूर्वी बायसनचे कळप व वणवे यांमुळे घडत असे (→ प्रेअरी). एकोणिसाव्या शतकात बायसन जवळजवळ नष्ट झाले. जोसेफ ग्लिडन यांच्या काटेरी तारेच्या पेटंटनंतर (१८७४) कुंपणबंद चराई वाढली व गवताची रचना घडवण्याचे बायसनचे काम गुरांच्या ठरवून केलेल्या चराईकडे आले.

वैशिष्ट्ये : कुरणाचे भाग पाडून गुरे पाळीपाळीने हलवतात व चरलेल्या भागाला विसावा देतात. त्यामुळे वेगवेगळ्या उंचीचे गवत मिळते : शिंगी चंडोलाला आखूड गवत व उघडी जमीन मानवते. हेन्स्लो चिमणीला उंच गवत व वाळक्या पात्यांचा थर लागतो. बोबोलिंक हा पक्षी जमिनीवर घरटे करतो. अंडी तुडवली जाऊ नयेत म्हणून विणीच्या हंगामात काही भाग बंद ठेवतात. काही ठिकाणी कुरणाचा एकेक भाग जाळतात. तेथील कोवळ्या फुटव्याकडे गुरे वळतात व इतरत्र गवत वाढते.

महत्त्व : अतिचराईने गवत सर्वत्र खुरटते, तर दीर्घ चराईबंदीने दाटते व झुडपे शिरतात; नियंत्रित चराईने मात्र एकाच कुरणात विविध अधिवास टिकतात. महाराष्ट्रातील माळरानांवरही चराईचा काळ महत्त्वाचा ठरतो, कारण माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर सहसा एकच अंडे घालते (→ माळढोक).