सर जदुनाथ सरकार : तासिका सांभाळून इतिहास लिहिणारा प्राध्यापक

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला सर जदुनाथ सरकार हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. महाराष्ट्रात त्यांचा उल्लेख आदराने होतो, तसाच आक्षेपाच्या सुरातही होतो. औरंगजेब, शिवाजी महाराज आणि मोगल साम्राज्याचा ऱ्हास या विषयांवर विपुल लिहिणारे जदुनाथ पेशाने मात्र महाविद्यालयीन प्राध्यापक होते. त्यांचे पायाभूत संशोधन अध्यापन आणि बदल्या सांभाळूनच झाले, हे अनेकदा विसरले जाते.

इंग्रजीकडून इतिहासाकडे

जदुनाथांचा जन्म १० डिसेंबर १८७० रोजी तेव्हाच्या राजशाही जिल्ह्यातील करचमारिया या गावी झाला. हा भाग आता बांगलादेशात आहे. १८९२ मध्ये ते कलकत्ता विद्यापीठाची एम. ए. परीक्षा इंग्रजी विषयात प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि पुढील वर्षी इंग्रजीचेच अध्यापक झाले. १८९७ मध्ये त्यांना मानाची प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. त्यासाठी केलेल्या अभ्यासातून औरंगजेबकालीन हिंदुस्थानावरील त्यांचा पहिला ग्रंथ १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला.

पाटण्यातील वर्षे

त्यांच्या नोकरीचा मोठा काळ पाटणा महाविद्यालयात गेला. फारसी हस्तलिखितांसाठी ख्यातनाम असलेले खुदाबक्ष ग्रंथालय जवळच होते. जदुनाथांनी फारसी आत्मसात केली, मराठी कागद वाचण्याइतकी मराठीही शिकून घेतली. १९१७ मध्ये ते बनारस हिंदू विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक झाले. त्यानंतर कटकचे रेव्हेन्शॉ महाविद्यालय आणि १९२३ मध्ये पुन्हा पाटणा असा प्रवास झाला. औरंगजेबाच्या चरित्राचे पाच खंड (१९१२ ते १९२४) आणि इंग्रजी शिवचरित्र (१९१९) ही याच वर्षांतील निर्मिती होय. शेरशहाचे चरित्रकार कालिकारंजन कानूनगो आणि माळव्याच्या इतिहासाचे अभ्यासक, सीतामऊचे रघुवीरसिंह हे त्यांच्या शिष्यांपैकी प्रमुख.

स्नेह आणि वाद

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याशी त्यांचा स्नेह सुमारे अर्धशतक टिकला. बडोद्याच्या सेवेतून निवृत्त होऊन सरदेसाई कामशेतला स्थायिक झाले, तेव्हा जदुनाथ तेथे मुक्कामास येत. दोघांनी मिळून किल्ले आणि रणभूमी पाहिल्या. पुण्याच्या इंग्रज रेसिडेन्सीतील पत्रव्यवहाराची ग्रंथमाला हे त्यांच्या सहकार्याचे ठळक फळ.

पुण्यातील इतिहासकारांशी मात्र त्यांचे सूर जुळले नाहीत. उत्तरकालीन बखरींपेक्षा समकालीन फारसी आणि इंग्रजी कागद अधिक विश्वसनीय, अशी जदुनाथांची भूमिका होती. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या परंपरेत वाढलेल्या संशोधकांचा आक्षेप असा, की अस्सल मराठी पत्रांना त्यांच्या लेखनात पुरेसे स्थान मिळालेले नाही. वादाला आणखी एक पदर होता. पेशवे दप्तर सरकारच्या ताब्यात होते आणि खासगी अभ्यासकांना ते सहजासहजी पाहता येत नसे. १९२९ मध्ये त्यातील निवडक कागद प्रसिद्ध करण्याचे काम सरदेसाई यांच्याकडे आले. त्यामागे जदुनाथांचा पाठिंबा होता, ही गोष्ट अनेकांना रुचली नाही. तथापि १९३० पासून काही वर्षांतच ४५ खंड बाहेर पडले आणि बंदिस्त दप्तरातील बराच ऐवज सर्वांपुढे आला.

हा वाद व्यक्तींपुरता नव्हता. इतिहासाची साधने कोणी पाहायची आणि कोणत्या साधनावर किती विसंबायचे, हे प्रश्न त्यातून ऐरणीवर आले. जदुनाथांनीही शिवचरित्राच्या पुढील आवृत्त्यांत नव्या साधनांच्या आधारे दुरुस्त्या केल्या.

कुलगुरुपद आणि उत्तरायुष्य

अध्यापनातून निवृत्त झाल्यावर १९२६ मध्ये ते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागांवर पूर्वीच टीका केल्यामुळे तेथे त्यांना विरोधही सोसावा लागला. दोन वर्षांची मुदत संपताच ते पदावरून दूर झाले. १९२९ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. मोगल साम्राज्याच्या पतनाचा चार खंडांतील इतिहास त्यांनी १९३२ ते १९५० या काळात, म्हणजे वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यापर्यंत लिहून पूर्ण केला. मे १९५८ मध्ये कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

लेक टेरेस येथील त्यांच्या घरात पुढे समाजशास्त्रांच्या संशोधनाचे केंद्र उभे राहिले आणि ही वास्तू आता जदुनाथ भवन म्हणून ओळखली जाते. त्यांचे अनेक निष्कर्ष नंतरच्या संशोधकांनी खोडून काढले. परंतु आधी कागद गोळा करावा, तो मूळ भाषेत वाचावा आणि मगच विधान करावे, हा त्यांचा आग्रह त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता आलेला नाही.