‘जुज’ : एका शब्दाची घडी

सुरतेच्या बाजारात गुजराती माणूस ‘जूज’ म्हणतो तेव्हा त्यास ‘फार थोडे’ एवढेच सांगावयाचे असते. आपणही ‘जुजबी माहिती’, ‘जुजबी फरक’ असे नित्य म्हणतो. दोहोंचे मूळ एकच. अरबीत ‘जुज’ म्हणजे भाग, अंश. कुराणाच्या तीस भागांसही हेच नाव आहे. फारसीच्या वाटेने तो शब्द इकडे आला आणि जे अंशमात्र ते क्षुल्लक ठरले.

पुस्तकबांधणीत मात्र त्याचा अर्थ नेमका राहिला. छापील ताव तीनदा दुमडला की आठ पानांचा, म्हणजे सोळा पृष्ठांचा, एक जुज होतो. घडीतून दोरा ओवून असे जुज एकमेकांस शिवणे ही जुजबंदी.

सुरत म्हटले की मराठी वाचकास 1664 व 1670 ही साले प्रथम आठवतात, ते स्वाभाविकच होय. परंतु हे बंदर मक्केस निघणाऱ्या यात्रेकरूंचेही होते. त्याच शहरी 1815 साली लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर व विल्यम फायव्ही आले, आणि 1820 च्या सुमारास त्यांच्या छापखान्यातून गुजराती नवा करार बाहेर पडला. शास्त्र कोणतेही असो, घडी व दोरा यांवाचून त्याचा ग्रंथ होत नाही.

हा विषय केवळ कारागिरांचा नव्हे. चौथ्या शतकातील सिनाय हस्तलिखिताचे जुज बहुधा आठ पानांचेच आहेत. त्यांतील एका जुजात मार्क 14:54 पासून लूक 1:56 पर्यंतचा मजकूर असलेले जोडपान मूळ लेखनिकाचे नाही. ते त्याच्या सहकाऱ्याने नव्याने लिहून घातलेले आहे. मार्काचा शेवट तेथे 16:8 वर होतो. मग काढलेल्या पानांत पुढील बारा वचने होती काय? जुजातील जागा मोजून, ती तेथे मावली नसती असे विद्वान मानतात. जुज शाबूत होता म्हणूनच हा हिशेब करता आला.

आपल्या मंडळ्यांतील बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या जुन्या वह्याही बहुधा अशाच शिवलेल्या असतात. पान फाडले की त्याचे जोडपान सैल होते व चोरी उघडकीस येते. हल्ली दुरुस्तीस दिलेल्या वहीची पाठ यंत्राने कापून तीस सरस लावितात. वही दिसावयास नीटनेटकी होते खरी. पण कोणते पान कोणाचे जोडपान होते, हे त्यानंतर कोणासही सांगता येत नाही.