घराघरांत विखुरलेला साठा: पुण्यातील एक्स-रे फिल्मचा इतिहास

पुणे फिल्म जपणारे शहर आहे. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून इथे आली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि जुनी फिल्म वाचवण्याचे शास्त्र शहरात रुजले. १८६७ साली सुरू झालेले ससून रुग्णालयही इथलेच. तरीही छातीच्या, हाडांच्या ज्या असंख्य फिल्म पुण्यात काढल्या गेल्या, त्यांचा सलग संग्रह कुणी केला नाही. याचा दोष सहसा हवामानावर आणि अनास्थेवर टाकला जातो. माझ्या मते खरी कारणे दोन, आणि दोन्ही आपापल्या जागी शहाणपणाचीच होती: फिल्म रुग्णाच्या हाती देण्याची रीत, आणि फिल्ममधली चांदी.

हवामान निरुपद्रवी होते असे नाही. पण नुकसान किती, हे फिल्मच्या पायावर अवलंबून होते. सिनेमा आणि एक्स-रे यांच्या फिल्मचा सुरुवातीचा पाया एकच, सहज पेटणारे नायट्रेट. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेत क्लीव्हलँडच्या रुग्णालयात तळघरातल्या एक्स-रे फिल्म पेटल्या आणि मुख्यतः विषारी वायूंनी १२३ माणसे दगावली. त्यानंतर रुग्णालयांनी सहज न पेटणारी अ‍ॅसिटेटची फिल्म झपाट्याने स्वीकारली. सिनेमाची नायट्रेट फिल्म मात्र पुण्यात उरली होती, आणि जानेवारी २००३ मध्ये तिच्यातला मोठा साठा आगीत गेला. अ‍ॅसिटेट उष्ण-दमट हवेत व्हिनेगरसारखा आंबट वास सोडत आक्रसते. साठच्या दशकापासून आलेला पॉलिएस्टरचा पाया मात्र टिकतो. पण पाया कोणताही असो, फिल्मचे आयुष्य डार्करूममध्येच ठरत असे. डेव्हलपर सुमारे २० अंशांवर हवा. पुण्याच्या उन्हाळ्यात नळाचे पाणीच त्याहून गरम, म्हणून टाकीभोवती बर्फ लागे. शेवटी वाहत्या पाण्यात वीसेक मिनिटे धुणे आले. त्यात घाई झाली, की फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात चित्र पक्के करणाऱ्या फिक्सरमधला हायपो उरतो आणि काही वर्षांनी फिल्म पिवळी-तपकिरी पडते. पाणी कमी असलेल्या दिवसांत धुतलेली फिल्म आधीच अल्पायुषी असे.

तरीही नीट धुतलेल्या फिल्म होत्याच. त्या गेल्या कुठे? घरी. आपल्याकडे पोलीस केस वगळता फिल्म बहुधा रुग्णालाच मिळे. ही रीत चुकीची होती असे मी म्हणणार नाही. फिल्म हाती असल्याने दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेता येई, पुन्हा किरण आणि पुन्हा खर्च टळे. पण त्यामुळे शहराचा साठा कपाटांवर आणि गाद्यांखाली विखुरला. १२ जुलै १९६१ला पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतली घरे पाण्याखाली गेली, तेव्हा तिथे असलेल्या फिल्मचे काय झाले असेल, हे सांगायला नको. भिजलेले जिलेटिन एकमेकांना चिकटते आणि सोडवताना चित्रासकट निघते. रुग्णालयांवरही फार काळ जपण्याचे बंधन नाही. २००२च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे ठेवली की पुरे. त्यानंतर उरते ती चांदी. फिल्मवरचा काळा भाग चांदीचाच, आणि न लागलेली चांदी फिक्सरमध्ये उतरते. म्हणून वापरलेला फिक्सर विकला जाई, जुनी फिल्म भंगारवाला वजनावर नेई आणि जिलेटिन उतरवून धातू वेगळा काढला जाई. शेक्सपिअरचे पुस्तक रद्दीत गेले तर कागदच जातो, दुसरी प्रत असते. इथे एकुलते एक चित्र वितळते.

यावर दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला असा, की निदान अहवालात लिहिलेले असताना फिल्म कशाला? अहवाल म्हणजे त्या दिवशीच्या डॉक्टरांचे मत. फिल्म नव्या ज्ञानाने पुन्हा वाचता येते. स्ट्रेप्टोमायसिन येण्यापूर्वी क्षयाच्या रुग्णाच्या छातीत हवा भरून फुप्फुस मिटवत. औषधांनी तो उपचार कसा मागे पडला, हे औंधच्या उरो रुग्णालयासारख्या ठिकाणच्या ओळीने लावलेल्या फिल्म जितके स्पष्ट दाखवतील, तितके कुठलेही रजिस्टर दाखवणार नाही. दुसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. पण नाव सहसा फिल्मच्या कोपऱ्यात असते. ते झाकून, रुग्णाची किंवा वारसांची संमती घेऊन फिल्म स्वीकारता येईल. चांदीचा व्यवहार बंद पाडण्याची गरज नाही, दर दशकातला थोडा नमुना पुरे. सुरुवात अ‍ॅसिटेटच्या फिल्मपासून व्हावी, पॉलिएस्टरच्या थांबू शकतात. अ‍ॅसिटेटला लागणारी थंड, कोरडी खोली कशी बांधतात आणि चालवतात, हे लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात विचारता येते.