वाजवून घेणे : जुन्या वाद्यांचा बाजार आणि घासाघीस

मराठीत ‘वाजवून घेणे’ हा वाक्प्रयोग पारखून घेण्याच्या अर्थाने रूढ आहे. रुपया चांदीचा होता तेव्हा सराफ तो दगडावर टाकून त्याचा नाद ऐकत असे. आठवडे बाजारात मडके घेणारी बाई आजही ते बोटाच्या पेराने ठोकून पाहते. तडा डोळ्यांना दिसण्याआधी कानाला कळतो, हा त्यामागचा अनुभव आहे. ‘घासाघीस’ हा शब्दही ‘घासणे’ या क्रियेशी नाते सांगतो. एकमेकींवर घासल्या जाणाऱ्या दोन वस्तूंपैकी झीज दोघींचीही व्हावी, अशी त्यात अपेक्षा असते. जुन्या वाद्याच्या विक्रीत हे दोन्ही शब्द एकत्र येतात आणि एक पेच उभा राहतो. मडके कोणालाही ठोकून पाहता येते. वाद्य मात्र ज्याला वाजवता येते त्यालाच पारखता येते. विकणारा आणि घेणारा यांच्यापैकी वाजवणारा कोण, यावर पुष्कळदा भाव ठरतो. हरसूलचा परिसर समोर ठेवून या पेचाचा थोडा इतिहास पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

हरसूल म्हटले की अनेकांना छत्रपती संभाजीनगरचे कारागृह आठवते. येथे अभिप्रेत आहे ते नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातले हरसूल. महादेव कोळी, कोकणा, वारली या समाजांच्या आसपासच्या पाड्यांचे हे बाजाराचे गाव. भात, नागली, वरई ही येथली पिके. आणि पावसाळी शेती आटोपली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे मजुरीसाठी जाणे, हा येथल्या अनेक घरांचा वर्षक्रम. या मुलखात तीन निरनिराळ्या परंपरांची वाद्ये शेजारी शेजारी नांदतात. वारली-कोकणा समाजांचे तारपा आणि पावरी हे पहिले घराणे. बोहाड्यात देवादिकांची सोंगे नाचू लागली की त्यांना चाल देणारे सांबळ आणि सनई-पिपाणी हे दुसरे. तिसरे घराणे भजनी मंडळाच्या पेटी-पखवाजाचे. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी असल्यामुळे पौष वद्य एकादशीच्या यात्रेची ओढ या भागालाही आहे. या तिन्ही घराण्यांचे विक्रीशी असलेले नाते मात्र सारखे नाही.

तारपा जुना म्हणून सहसा विकला जात नाही, कारण त्याची घडणच तशी आहे. वाळवलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मधमाश्यांचे मेण, असे हे वाद्य. भोपळा तडकतो, मेण उन्हाने ढिले होते, पाने कुरतडली जातात. मग नवा भोपळा शोधायचा आणि नवा तारपा बांधायचा. येथे टिकते ती बांधणाऱ्याच्या आणि फुंकणाऱ्याच्या अंगची विद्या, आणि ती विकायला काढता येत नाही. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या चित्रकारांमुळे १९७० नंतरच्या दशकांत वारली चित्रे शहरांत आणि परदेशांत पोहोचली. तारप्याभोवती फेर धरलेले नर्तक हे त्या चित्रांचे ओळखचिन्ह झाले. चित्रातल्या तारप्याला दालनात ठरावीक किमतीची चिठ्ठी लागते. खऱ्या तारप्याकडे मात्र शहरी ग्राहक पुष्कळदा शोभेची वस्तू म्हणून पाहतो, आणि मग भोपळ्याची व बांबूची किंमत काढू लागतो. त्या हिशेबात बांधणाऱ्याची विद्या धरलेलीच नसते.

सांबळ, सनई, हलगी यांचा प्रश्न वेगळा होता. बलुतेदारीच्या व्यवस्थेत गावचे वाजंत्र हे कोणाकोणाचे वतनी काम असे. देवळापुढे गुरवाने वाजवावे, मिरवणुकीपुढे मांगाने, अशी वाटणी असे. त्याचा मोबदला सुगीच्या धान्यात आणि मानपानात मिळे. म्हणजे मोलाचा होता तो वाजवण्याचा हक्क. वाद्य त्या हक्काचे हत्यार होते. मराठेशाहीच्या कागदपत्रांत वतनांची खरेदीखते आढळतात, ती या हक्कांच्या मोलाची साक्ष देतात. त्या हक्काबरोबर जातीची सक्तीही होती, हे मात्र विसरता कामा नये. विसाव्या शतकात स्वाभिमानाच्या चळवळींमुळे अनेकांनी गावकीची कामे नाकारली, तेव्हा कित्येक वाद्ये जाणीवपूर्वक खाली ठेवली गेली. वतन विरले, हक्क संपला आणि हाती उरले ते धातूचे भांडे आणि चामडे.

या टप्प्यावर वाद्याच्या किमतीचे थर स्पष्ट होतात. पहिला थर मोडीचा. तांब्याचा डग्गा किंवा धातूचे सांबळ फुटले तरी त्याचे वजन राहते. त्याखाली भाव सहसा जात नाही. दुसरा थर झिजणाऱ्या भागांचा : तबल्याची पुडी आणि वादी, सतारीच्या तारा, पेटीचा भाता. हे भाग बदलता येतात, त्यामुळे त्यांचा खर्च काढता येतो. तिसरा थर नादाचा. वर्षानुवर्षे वाळलेले तबल्याचे खोड, नीट बसलेली तंबोऱ्याची जवारी, पेटीतल्या सुरांचा गोडवा, यांना तराजू नाही. घासाघीस म्हणजे बहुतेक वेळा या तीन थरांमधली ओढाताण असते. घेणारा दुसऱ्या थरावर बोट ठेवतो, ‘काका, भाता गेलाय, नवा टाकायलाच किती लागतील?’ असे म्हणतो. विकणारा तिसऱ्या थराकडे वळतो, ‘दादा, आवाज तर ऐका!’ म्हणून विनवतो. मोडवाला मात्र पहिल्या थरावर शांत उभा असतो.

पेटीचा इतिहास या ओढाताणीचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. अलेक्झांडर दबँ याने १८४२ मध्ये पॅरिसमध्ये हार्मोनियमचे एकस्व घेतले. पायाने भाता हलवायचे हे वाद्य मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांच्या घरांतून भारतात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्यात त्याचा हातपेटीचा अवतार घडला, आणि मांडी घालून बसणाऱ्या गायकाला ते सोयीचे झाले. मराठी संगीत रंगभूमीने पेटी-ऑर्गनला प्रतिष्ठा दिली. १९११ च्या ‘संगीत मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंबे या पेटीवादकाने बांधल्या, हे त्या प्रतिष्ठेचेच द्योतक होय. पुढे बोलपटांनी नाटक कंपन्यांचे दिवस पालटले. पेटी मात्र रंगमंचावरून उतरून शिकवणीच्या खोल्यांत आणि भजनी मंडळांत स्थिरावली.

सरकारदरबारी तिची स्थिती याच्या उलट होती. पेटीला मींड काढता येत नाही, तिच्या बांधीव पट्ट्यांत आपल्या श्रुती बसत नाहीत, असे आक्षेप होते. रवींद्रनाथ ठाकूरही तिच्या विरोधकांत होते. मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीला बंदी केली. १९७१ पासून ती टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. नभोवाणीने दार लावलेले असताना त्या तीन दशकांत पेटी खेडोपाडी गात होती. शास्त्राचा निर्णय आणि लोकांचा निर्णय यांत इतके अंतर पडल्याची उदाहरणे आपल्या सांस्कृतिक इतिहासात थोडीच असतील.

याच काळात जुन्या पेटीच्या किमतीत एक मोठा बदल घडला. पेटीचा जीव तिच्या पितळी सुरांत, म्हणजे रीडमध्ये असतो. हे सूर जर्मनीतून आणि फ्रान्समधून येत. ‘जर्मन सूर’, ‘पॅरिस सूर’ ही नावे पेटीवाल्यांच्या तोंडी बसलेली होती. दुसऱ्या महायुद्धाने तो पुरवठा तोडला आणि स्वातंत्र्यानंतरच्या आयातनिर्बंधांनी तो पुन्हा पूर्ववत होऊ दिला नाही. सौराष्ट्रातील पालिताण्यासारख्या ठिकाणी देशी सूर तयार होऊ लागले आणि त्यांनी देशाची गरज भागवली. पण जुन्या परदेशी सुरांच्या पेटीला दुर्मीळतेचे मोल आले. कळकट लाकडाच्या, फाटक्या भात्याच्या पेटीची किंमत नव्या चकचकीत पेटीहून अधिक असू शकते, हे यामुळे शक्य झाले. ‘जर्मन’ हा शब्द मग घासाघिशीत परवलीचा झाला आणि साहजिकच खोटेपणाचे साधनही झाला. आतली पट्टी उघडून छाप पाहिल्याशिवाय आणि एकेक सूर ऐकल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ उरला नाही.

येथे पारखीचे तंत्र थोडे पाहिले पाहिजे. भाता उघडून, सर्व खटके बंद करून तो किती वेळ हवा धरतो ते पाहणे ही पहिली परीक्षा. दुसरी परीक्षा सुरांची. स्वर लावताना पितळी जिभेचे टोक खरवडले तर स्वर चढतो, बुडाशी खरवडले तर उतरतो. प्रत्येक वेळी थोडे पितळ जाते. वारंवार खरवडलेली जीभ पातळ होते आणि आवाजातला भरीवपणा नाहीसा होतो. तेव्हा जुनेपण हा निव्वळ गुण नव्हे. कोणाच्या हाताखाली ती पेटी जुनी झाली, हे महत्त्वाचे.

मराठीत यासाठी ‘मुरणे’ हे सुंदर क्रियापद आहे. लोणचे मुरते, रंग मुरतो, तसे वाद्यही मुरते, असे आपण मानतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्रांचे काम करणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांतून एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या या व्यवसायात सुकलेला भोपळा आणि वाळलेले लाकूड यांना जे महत्त्व आहे, ते याच समजुतीशी जुळणारे आहे. पण ही समजूत आंधळी असू नये. २०१० मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे २१ व्हायोलिनवादकांना डोळे झाकून नवी आणि जुनी वाद्ये वाजवायला दिली गेली. जुन्यांत स्त्रादिवारीची दोन वाद्ये होती. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बहुतेकांना जुने कोणते ते ओळखता आले नाही आणि पसंती पुष्कळदा नव्याकडे झुकली. तरीही २०११ मध्ये स्त्रादिवारीचे एक व्हायोलिन लिलावात सुमारे १ कोटी ५९ लाख डॉलरना गेले होते. तेव्हा विकणाऱ्याने ‘मुरलेली आहे हो’ म्हटले आणि घेणाऱ्याने मान हलवली नाही, तर त्यात घेणाऱ्याचा अरसिकपणाच असतो असे नाही.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. माल कसा आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा भीतीपोटी भाव पाडतो आणि चांगल्या मालाचा मालक बाजारातून निघून जातो, असे त्याचे सार सांगता येईल. घासाघीस करणाऱ्याकडे या दृष्टीने पाहिले तर त्याच्या चिवटपणामागे भीती दिसते. त्याला उत्तर भाव उतरवून देता येत नाही. ती भीती घालवूनच देता येते. दोष आधी आपणच सांगावा, दुरुस्तीचा खर्च वेगळा मांडावा, पेटी उघडून दाखवावी आणि घेणाऱ्याने वाजवणारा माणूस सोबत आणावा असे आपणहून सुचवावे. इतके झाल्यावरही जो मोडीचा भाव बोलतो, त्याला पेटी हवी नसून लाकूड हवे आहे, असे समजून सौदा थांबवावा.

वाद्यांच्या बाजारात मात्र अ‍ॅकरलॉफच्या मांडणीच्या उलट घडते, आणि खरा अन्याय तेथे आहे. वाजवणारा गेला की वाद्य वारसांकडे येते. त्यांना ते वाजवता येत नाही, म्हणून पारखताही येत नाही. येथे जाणकार असतो तो घेणारा. पेरणीच्या तोंडावर बी-बियाण्याला किंवा दवाखान्याला पैसे हवे असलेले घर आणि आतले सूर ओळखणारा व्यापारी समोरासमोर आले, तर व्यापाऱ्याने खोटे बोलण्याचीही गरज नसते. त्याने फक्त भात्याविषयी बोलत राहायचे आणि सुरांविषयी मौन पाळायचे. फसवणूक झाली असे कोणी सिद्ध करू शकणार नाही.

भजनी मंडळाच्या पेटीला या बाबतीत एक संरक्षण आहे. ती वर्गणीतून घेतलेली असते. तिच्यावर एकाचा हक्क नसतो, आणि म्हणून ती विकायची तर चार माणसे बसतात. त्या चारांत निदान एक तरी वाजवणारा असतो. घरच्या पेटीला असा जामीन नाही, आणि गावात वाजवणारे जसजसे कमी होतील तसतसा तो मंडळाच्या पेटीलाही उरणार नाही. जुन्या वाद्याचा न्याय्य भाव हा अशा रीतीने गावात संगीत किती जिवंत आहे याच्याशी बांधलेला आहे. विकणाऱ्याच्या बाजूने पेटीपुढे बसून एक अभंग वाजवून दाखवणारे कोणी असेल, तर घासाघीस नादाच्या थरावर होते आणि दोन्ही पक्षांची झीज सारखी होते. तसे कोणी नसेल तर तांब्याचा डग्गा तराजूत पडतो, आणि वजन तेवढे बरोबर भरते.