स्वव्यवस्थापित ब्लॉग

ब्लॉग अथवा जालनिशी म्हणजे महाजालावर (वर्ल्ड वाइड वेबवर) दिनांकवार व सर्वांत नवे लेखन प्रथम अशा क्रमाने प्रसिद्ध होणारी व्यक्तीची वा लहान गटाची नोंदवही होय. ती एखाद्या कंपनीच्या तयार सेवेवर न ठेवता स्वतःच्या डोमेन नावावर, भाड्याच्या वा मालकीच्या सर्व्हरवर आणि स्वतः बसविलेल्या आज्ञावलीच्या साहाय्याने चालविली जाते, तेव्हा तिला स्वव्यवस्थापित ब्लॉग म्हणतात. यात मजकुरावर लेखकाचा ताबा राहतो. मात्र सर्व्हर, डेटाबेस व सुरक्षितता यांची काळजीही त्यालाच वाहावी लागते. त्यामुळे या प्रकाराचा इतिहास हा बव्हंशी देखभालीचाच इतिहास आहे.

महाजालाचा आरंभच अशा एका जपून ठेवलेल्या यंत्रापासून झाला. टिम बर्नर्झ-ली (१९५५– ) यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत ज्या नेक्स्ट संगणकावर पहिला वेब सर्व्हर चालविला, त्यावर ‘हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये’ अशा आशयाची हस्तलिखित चिठ्ठी चिकटविलेली होती. पुढे इलिनॉय विद्यापीठातील नॅशनल सेंटर फॉर सुपरकंप्यूटिंग ॲप्लिकेशन्स या केंद्राची सर्व्हर-आज्ञावली लोकप्रिय झाली. परंतु तिचा कर्ता रॉब मकूल १९९४ मध्ये केंद्र सोडून गेल्यावर तिची सुधारणा थंडावली. निरनिराळ्या ठिकाणचे चालक आपापल्या दुरुस्त्यांची ठिगळे तिला लावीत होते. त्यांतील काहींनी ती एकत्र करून एप्रिल १९९५ मध्ये अपाची हा सर्व्हर प्रसृत केला. वर्षभरातच तो मूळ आज्ञावलीच्या पुढे गेला. त्याच्या नावातील ‘ठिगळांचा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी असलेला श्लेष प्रसिद्ध आहे.

‘वेबलॉग’ ही संज्ञा जॉर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये वापरली. १९९९ मध्ये निघालेल्या ब्लॉगर या सेवेने लेखन सोपे केले. तीत तयार झालेली पाने लेखकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर पाठविण्याचीही सोय होती. ती २०१० मध्ये काढून घेण्यात आली. परक्या जागेवरील लेखनाचे आयुष्य जागामालकाच्या इच्छेवर असते, हे त्याआधीच ऑक्टोबर २००९ मध्ये याहू कंपनीने जिओसिटीज ही जुनी सेवा अमेरिकेत बंद केली, तेव्हा अनेकांना कळून चुकले होते. भारतात याचा वेगळा अनुभव जुलै २००६ मध्ये आला. मुंबईतील उपनगरी गाड्यांतील बाँबस्फोटांनंतरच्या दिवसांत शासनाने काही मोजकी पाने रोखण्याचा आदेश दिला असता सेवादात्यांनी ब्लॉगस्पॉटसारखी संपूर्ण डोमेनेच अडविली आणि ज्यांचा त्या पानांशी काहीही संबंध नव्हता, अशा असंख्य ब्लॉगांची दारे काही दिवस बंद राहिली.

स्वतःच्या सर्व्हरवर बसविण्याच्या आज्ञावलींत बेन व मीना ट्रॉट यांची मूव्हेबल टाइप (२००१) प्रथम प्रभावी ठरली. मे २००४ मधील तिसऱ्या आवृत्तीत विनामूल्य वापरावर लेखकसंख्येच्या व ब्लॉगसंख्येच्या मर्यादा आल्या आणि अनेकांनी तिचा त्याग केला. त्यांपैकी पुष्कळजण वर्डप्रेसकडे वळले. वर्डप्रेसचा जन्मही एका थांबलेल्या कामातूनच झाला होता. मिशेल व्हाल्द्रिघी यांची बी-टू ही आज्ञावली कर्त्याच्या लक्षाअभावी पडून राहिली असता, तिच्या मुक्त परवान्याचा आधार घेऊन मॅट मुलनवेग (१९८४– ) व माइक लिटल यांनी ती पुढे नेली आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. मूळ परवाना मुक्त नसता, तर बी-टू वापरणाऱ्यांना ब्लॉग सोडून देण्याखेरीज फारसा मार्ग उरला नसता.

अशा ब्लॉगचे बिघाड सामान्यतः थरांच्या सांध्यांवर होतात. वर्डप्रेसची आज्ञावली पीएचपी भाषेत असून लेखन मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये राहते. रूपासाठी थीम व जादा कामांसाठी प्लगइन बाहेरून आणलेले असतात. यांतील एक थर बदलला आणि दुसरा जुनाच राहिला, की पान उमटेनासे होते. उदा., डिसेंबर २०१५ मधील पीएचपी ७ मध्ये डेटाबेसशी जोडणारी जुनी फलने काढून टाकण्यात आली. त्यांवर विसंबलेली प्लगइने सर्व्हरचालकाने आवृत्ती बदलताच निकामी झाली. वाचकाला कोरा पांढरा पडदा दिसे आणि बहुधा मालकालाही व्यवस्थापनाच्या पानावर प्रवेश मिळत नसे. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे सर्व्हरवरील प्लगइनच्या कोशिकेचे (फोल्डरचे) नाव बदलून सर्व प्लगइने एकदम निष्क्रिय करणे व मग एकेक सुरू करून दोषी शोधणे. मे २०१९ मधील ५.२ या आवृत्तीने असा घातक दोष आढळताच मालकास ई-पत्राने दुवा पाठवून दोषी भाग बाजूला ठेवण्याची सोय केली.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना याहून अवघड असा एक बिघाड भोगावा लागला. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह तीन बाइटांचे असते. मायएसक्यूएलमधील तक्ते मात्र पूर्वी पुष्कळदा लॅटिन-१ या पश्चिम यूरोपीय वर्णसंचाचे म्हणून घोषित होत. लिहिताना व वाचताना चूक सारखीच होत असल्याने मराठी मजकूर पडद्यावर बिनचूक दिसे. ब्लॉग नव्या सर्व्हरवर हलविताना डेटाबेसचे ‘रूपांतर’ झाले, की प्रत्येक अक्षराच्या जागी तीन निरर्थक चिन्हे उमटत. बाइट शाबूत असल्याने मजकूर परत मिळविता येई. त्यासाठी संबंधित स्तंभ आधी द्विमान (बायनरी) व नंतर यूटीएफ-८ असा बदलावा लागे. घाईने मध्येच जतन केलेली पाने मात्र बरेचदा कायमची बिघडत. मायएसक्यूएलच्या ‘यूटीएफ-८’ प्रकारात तीनच बाइटांपर्यंतची चिन्हे मावत, ही आणखी एक अडचण होती. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झालेल्या मोडी लिपीची अक्षरे चार बाइटांची असल्याने ती अशा डेटाबेसमध्ये ठेवता येत नसत. वर्डप्रेसने एप्रिल २०१५ मधील ४.२ या आवृत्तीत चार बाइटांची पद्धत स्वीकारल्यावर हा अडसर दूर झाला.

सुरक्षिततेच्या बाबतीत आवृत्ती अद्ययावत न ठेवणे हाच मुख्य दोष ठरला. सप्टेंबर २००९ मध्ये एका संगणकीय कृमीने जुन्या आवृत्तीचे ब्लॉग हेरून त्यांत गुप्त व्यवस्थापक-खाती निर्माण केली. अर्थात अद्ययावत राहणेही सर्वस्वी निर्धोक नव्हते : मार्च २००७ मध्ये अधिकृत सर्व्हरवरीलच २.१.१ या आवृत्तीत घुसखोराने बदल केल्याचे आढळले व २.१.२ तातडीने काढावी लागली. ऑक्टोबर २०१३ पासून (आवृत्ती ३.७) किरकोळ दुरुस्त्या आपोआप बसू लागल्या. त्यामुळे मालकाचे श्रम कमी झाले, पण मूळ वितरणस्थळावरचे अवलंबन वाढले. सप्टेंबर २०२४ मध्ये व्यावसायिक वादातून डब्ल्यूपी एंजिन या कंपनीला त्या स्थळाचा वापर नाकारण्यात आला, तेव्हा तिच्या ग्राहकांच्या संकेतस्थळांची नेहमीची अद्ययावतता काही काळ अडली.

राखीव प्रतींच्या हयगयीचे सुपरिचित उदाहरण एका जाणकाराचेच आहे. जेफ ॲटवुड यांचा ‘कोडिंग हॉरर’ हा संगणकविषयक ब्लॉग डिसेंबर २००९ मध्ये सर्व्हरच्या बिघाडात नाहीसा झाला. त्यांनी घेतलेल्या प्रती त्याच यंत्रावर होत्या आणि सेवादात्याकडील प्रती घेण्याचे काम कोणाच्या लक्षात न येता फसत होते. इतरांनी आपापल्या हेतूने साठविलेल्या पानांवरून व चित्रांवरून तो पुन्हा उभा राहिला. प्रत वेगळ्या ठिकाणी असावी आणि तीवरून ब्लॉग प्रत्यक्ष उभा करून पाहिलेला असावा, या दोन्ही गोष्टी त्या प्रकरणी राहून गेल्या होत्या. यांतील दुसरी सर्वत्रच क्वचित केली जाते.

देखभालीचा भार मुळातच कमी करण्याचा प्रयत्न म्हणजे स्थिर पानांची पद्धत. टॉम प्रेस्टन-वर्नर यांच्या जेकिल (२००८) या आज्ञावलीत लेखन साध्या मजकूर-धारिकांत (फाइलींत) राहते, त्यावरून पाने एकदाच तयार होतात व सर्व्हरवर डेटाबेस लागतच नाही. वाचकांचे अभिप्राय घेण्याची सोय मात्र तीत मुळात नसते. ती हवी असल्यास पुन्हा बाहेरच्या सेवेकडे जावे लागते.