हातची लेखणी

दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांत छाटणीच्या वेळीं ज्याच्या त्याच्या हातास आपलीच कात्री रुचते. प्रोग्राम लिहिणारांचेंहि तसेंच आहे. १९७६ च्या सुमारास बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा एडिटर रचला, तेव्हां लिहिणें एका साधनांत व कंपाइल करणें दुसऱ्यांत होई. १९८३ च्या ‘टर्बो पास्कल’नें दोन्ही एका छपराखालीं आणलीं, तरी अनेकांच्या हाताची संवय मोडेना. ते बाहेर लिहून आंत प्रोग्राम चालवीत. यांत धोका होताच: एकच फाइल दोहोंकडे उघडी असली, तर मागाहून साठविलेली प्रत आधींचे श्रम पुसून टाकी. २०१६ सालीं मायक्रोसॉफ्टनें ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ जाहीर केला आणि चुका दाखविणारी यंत्रणा निरनिराळ्या एडिटरांस जोडतां येऊं लागली. अखेर कारखान्यानेंच लेखणीशीं जमवून घेतलें, असें आम्हांस वाटतें.