गणपतीला आलेला खोका

गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांत रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर किंवा कुवारबावच्या रेल्वे स्टेशनवर तासभर उभं राहिलं, की मुंबई कोकणाला काय पाठवते याचा अंदाज येतो. मखराचं सामान, विजेच्या माळा, मिठाईचे पुडे, लहान मुलांचे कपडे. आणि एखाद्या चाकरमान्याच्या मांडीवर, डिकीत न टाकता हातात धरून आणलेला एक खोका. २०१७ नंतरच्या काही वर्षांत या खोक्याच्या आत बहुतेक वेळा एकच वस्तू असायची. दिसायला जुन्या ट्रान्झिस्टरसारखी, आत पाच हजार गाणी आधीच भरलेली. सारेगामा कंपनीचा ‘कारवां’.

बाजारात आला तेव्हा त्याची किंमत सहा हजारांना दहा रुपये कमी होती. तीच गाणी फोनवर जवळपास फुकट मिळत असताना सहा हजार कोण देईल, असं आपल्यासारख्यांना वाटलं. पण दिवाळीत तो दणकून खपला. तो विकत घेणारे आणि ऐकणारे एकच नव्हते, ही त्यातली मेख. घेणारी मुलं होती, ऐकणारे आईवडील.

जुनी गाणी नव्या वेष्टनात घालून सणाला विकणं काही आपला शोध नाही. त्याच २०१७ मध्ये बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स’ला पन्नास वर्षं झाली म्हणून सहा डिस्क आणि जाडजूड पुस्तक असा संच निघाला. तिकडे नाताळच्या आधी अशा संचांची रांग लागते. हे संच घेणाऱ्याकडे मूळ अल्बम बहुधा असतोच. त्याला हवे असतात न वापरलेले टेक, स्टुडिओतल्या गप्पा, फोटो. आपल्याकडे संच जरा वेगळ्या कारणासाठी घरात आला. गाव सोडून गेलेल्याने गावात राहिलेल्याला दिलेली ती वस्तू होती. कोकणापुरतं तर मी हे छातीठोकपणे म्हणेन.

त्याची सुरुवात लाखेच्या तबकड्यांपासून झाली. रस्ते धड नव्हते तेव्हा मुंबईहून रत्नागिरीला बोटीने यायचं, खोल पाण्यात बोट थांबली की पडावातून किनाऱ्याला लागायचं. ७८ फेऱ्यांची तबकडी हातातून निसटली तर सरळ तुकडे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. तरीही त्या आल्या, कारण फोनोला वीज लागत नव्हती. चावी फिरवली की झालं. कोकणात गाण्याच्या यंत्रांचा इतिहास लिहायचा तर तो तारेवर अवलंबून नसलेल्या यंत्रांचा लिहावा लागेल: चावीचा फोनो, सेलवरचा ट्रान्झिस्टर, सेलवरचा टेप आणि आता रेंज नसली तरी वाजणारा कारवां. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही ज्याने गमावलं आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

पण मराठीत ‘संच’ ही गोष्ट घराघरात ओळखीची झाली ती एका रेडिओ मालिकेमुळे. १ एप्रिल १९५५, रामनवमी. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाडांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. आठवड्याला एक गाणं. शुक्रवारी सकाळी पहिल्यांदा, मग शनिवारी-रविवारी पुन्हा. वर्षाचे आठवडे बावन्न, पण त्या साली अधिक महिना आला आणि रामनवमी लांबली. म्हणून गाणी छप्पन्न झाली. मराठीतल्या सर्वांत गाजलेल्या ‘अल्बम’ची लांबी पंचांगाने ठरवली, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे.

अल्बम हा शब्द अवतरणात टाकला, कारण त्या वर्षी लोकांकडे गाणं ठेवून घ्यायचं कुठलंच साधन नव्हतं. शुक्रवार चुकला तर रविवारपर्यंत संधी, पुढे काही नाही. वर्तमानपत्रं दर आठवड्याला नव्या गाण्याचे शब्द छापायची, लोक वहीत उतरवून घ्यायचे. १९५७ मध्ये केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने पुस्तक काढलं. म्हणजे संच आधी कागदावर आला, आवाज नंतर.

आवाज आला तो साठच्या दशकात, एचएमव्हीच्या दहा एलपींमधून. आणि इथे एक गोष्ट घडली जी आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. रेडिओवर गीतरामायण अनेक गळ्यांनी गायलं होतं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, ललिता फडके. सीता बाईच्या आवाजात बोलायची, वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे गळे होते. संचात मात्र सगळी छप्पन्न गाणी एकट्या बाबूजींनी म्हटली. राम तेच, सीता तेच, कौसल्या तेच. ते अप्रतिम गायले यात शंका नाही, आणि पुढे आयुष्यभर त्यांनी एकट्याने जे प्रयोग केले त्यांनी हाच आवाज लोकांच्या कानात पक्का केला. पण आज कोणालाही विचारा, ‘मूळ गीतरामायण’ म्हणून त्याला आठवतं ते संचातलं. १९५५ चं मूळ बहुतेकांच्या कानावरून गेलेलंच नाही. पुनर्प्रकाशन मूळ गोष्ट जपतं असं आपण धरून चालतो. इथे ज्या रूपाला खोका मिळाला तेच मूळ ठरलं.

दहा एलपी आणि त्या वाजवायला रेकॉर्ड प्लेयर, हे कोकणातल्या किती घरांना परवडणार? आमच्या वाडीत एका घरी होता. रामनवमीला त्यांच्या ओटीवर लोक जमायचे असं आजी सांगायची. प्लेयरला वीज हवी, आणि विजेचं नातं तर अवघडच. पु. लं.च्या अंतू बर्व्याला आठवा. ‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२ चं. रत्नागिरीत दिवे आले तेव्हा त्या उजेडात बघायचं काय, घराची दैनाच ना, असा त्याचा रोख.

खोका आमच्यासारख्यांच्या घरात शिरला तो कॅसेटच्या रूपात. ऐंशीच्या दशकात दोन विरुद्ध गोष्टी एकाच वेळी घडल्या. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येला परत नोकरी मिळाली नाही. कितीतरी घरं रत्नागिरी जिल्ह्यातली होती. कोकण तेव्हा मनीऑर्डरवर चालायचं आणि ती मनीऑर्डर बंद झाली. त्याच वर्षांत आखातात गेलेली माणसं सुट्टीला येताना टू-इन-वन आणू लागली, कॅसेट स्वस्त झाली, गुलशन कुमारांच्या टी-सीरीजने तिची किंमत आणखी खाली ओढली. त्यांच्या सुरुवातीच्या यशात जुन्या गाण्यांच्या नव्या गळ्यातल्या आवृत्त्यांचा मोठा वाटा होता. ठरलेली रॉयल्टी भरून गाणं पुन्हा गाऊन विकायला कायद्यात वाट होती, ती त्यांनी हमरस्ता केली. एचएमव्हीकडे मूळ गाण्यांचं कोठार होतं, यांच्याकडे त्याच गाण्यांची स्वस्त सावली. गावात येणाऱ्या पिशवीत दोन्ही असायचं आणि वाजताना फार कोणी भेद करायचं नाही.

आमचे काका गोदीत होते, त्यामुळे त्यांचा पगार चालू राहिला. एका गणपतीला त्यांनी गीतरामायणाच्या दहा कॅसेट आणल्या. पुठ्ठ्याच्या खोक्यात, प्रत्येकीला खाच, पाठीवर क्रमांक. आजोबांनी तो खोका देवघराच्या फडताळात ठेवला. घरात एवढी रीतसर वस्तू दुसरी नव्हती.

त्याच सुमाराला दुसरा एक संच घरोघरी पोचत होता, तो गाण्यांचा नव्हता. पुण्याच्या सुरेश अलूरकरांनी अलूरकर म्युझिक हाऊसतर्फे पु. लं.चं कथाकथन कॅसेटवर आणलं. एकेक कॅसेट, आणि हळूहळू सगळ्या गोळा करण्याचा नाद. मराठीत नुसतं बोलणं इतकं पुन्हापुन्हा ऐकलं गेल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. पुढे त्यांच्या सीडी झाल्या, मग पेन ड्राइव्ह, आता रात्री झोपताना फोनवर लावणारे तुमच्यातही असतील. रत्नागिरीत या ऐकण्याला एक वेगळी चव होती. अंतू बर्वा इथला. सुनीताबाई इथल्या, ठाकूरांच्या घरातल्या; १९४६ मध्ये पु. लं.शी त्यांचं लग्न झालं तेही इथेच. म्हणजे गावाचंच बोलणं मुंबई-पुण्यात जाऊन, ध्वनिमुद्रित होऊन, वेष्टनात बसून गणपतीच्या पिशवीतून गावाला परत यायचं. आमच्या घरी ‘अंतू बर्वा’ लागलं की आजोबा हसायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, यात विनोद कुठे आहे, असंच तर बोलतात.

कॅसेटचा शत्रू चोर नव्हे, पावसाळा. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की चामड्याच्या चपलेला पांढरी बुरशी धरते, फितीला धरली तर नवल काय. आवाज आधी खोल गेल्यासारखा होतो, मग हेड घाण होतं, मग फीत गुंडाळली जाते. आमची सात नंबरची कॅसेट अशीच गेली. संचातली एक सुटी कॅसेट कुठल्या दुकानात मिळेना, आणि सगळा संच पुन्हा घ्यायचा तर काका निवृत्त झालेले.

आता कारवांकडे परत. मुंबईतल्या काळा घोड्याचं र्‍हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. कॅसेट-सीडीची दुकानं त्याच्या आधीच मोबाइलची दुकानं झाली होती. पुढच्याच वर्षी कारवां आला. एचएमव्ही म्हणजे ग्रामोफोन कंपनी. २००० पासून तिचंच नाव सारेगामा. शंभरेक वर्षांचं कोठार हाताशी, पण विकायला तबकडी उरलेली नाही. म्हणून त्यांनी गाण्यांसकट यंत्रच विकलं. मराठी गाण्यांचा कारवांही निघाला. यंत्रावरच्या बटणाने गायक किंवा गीतकार निवडता येतो, एखादं नेमकं गाणं सहज लावता येत नाही. आपल्याला ही उणीव वाटते. माझ्या आईला हेच आवडतं. पुढे काय लागेल ते माहीत नसणं तिला रेडिओमुळे अंगवळणी पडलेलं आहे.

खोक्यात काय जाणार हे कोण ठरवतं? ज्याच्याकडे हक्क आहे तो. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो. १९९२ पर्यंत ही मुदत पन्नासच होती. म्हणजे साठच्या दशकातल्या रेकॉर्डी आता एकेक करून त्या मुदतीच्या बाहेर पडताहेत. पण गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. गदिमा १९७७ मध्ये गेले, बाबूजी २००२ मध्ये. त्यामुळे जुनी तबकडी मोकळी झाली तरी तिच्यातली चाल २०६२ संपेपर्यंत बांधलेलीच राहील. तोवर खोका कुठल्या आकाराचा असेल कोण जाणे.

हक्क असून कोणालाच नको असलेल्या मुद्रणांचं काय होतं, हे मात्र कायद्यात लिहिलेलं नाही. कॅसेटच्या त्या बहराच्या काळात लहान लहान कंपन्यांनी कोकणातल्या कितीतरी गोष्टी फितीवर आणल्या. नमन, डबलबारीची भजनं, शक्ती-तुऱ्याची जाखडी. एक शाहीर सवाल टाकणार, दुसरा कोडं सोडवून उलटा टोला देणार, मागे ढोलकी आणि नाचणाऱ्यांच्या पायातले चाळ. या कॅसेट जत्रेत आणि स्टँडसमोरच्या टपरीवर विकल्या गेल्या, भाड्याच्या जीपमध्ये वाजून वाजून झिजल्या. त्यांची सीडी निघाली नाही, कुठल्या यंत्रात त्या भरल्या गेल्या नाहीत, त्यांचा पन्नासावा वाढदिवस कोणी साजरा करणार नाही. काही यूट्यूबवर दिसतात, कोणा हौशी माणसाने घरच्या टेपवरून चढवलेल्या, खरखरीसकट. खाली प्रतिक्रियांमध्ये लोक आपापल्या वाडीचं नाव लिहून जातात.

गेल्या गणपतीत फडताळ साफ करताना तो पुठ्ठ्याचा खोका खाली काढला. कोपरे वाळवीने खाल्लेले, पण क्रमांक नीट वाचता येत होते. सहानंतरची खाच रिकामी असेल असं धरून चाललो होतो. तिच्यात एक कॅसेट होती, वेष्टन नसलेली, पाठीवर आजोबांच्या अक्षरात पेनाने लिहिलेलं: ‘जाखडी – आपल्या वाडीची’. पुढच्या ओळीतलं साल ओलीने फुटलं होतं. घरातला टेप बिघडून पंधरा वर्षं झाली. रत्नागिरीत तो दुरुस्त करणारा एक जण अजून आहे असं कळलं, पण तो गणपतीत दुकान उघडत नाही.